कायदा भक्कम, खुर्च्या रिकाम्या: न्यूयॉर्क शहराचा मानवी हक्क आयोग

घरभाड्यातला वाटा सरकार भरेल असं व्हाउचर आहे म्हटल्यावर ब्रोकरने फोन ठेवला, गरोदर असल्याचं कळल्यावर मॅनेजरने कामाच्या पाळ्या कमी केल्या, उच्चाराची नक्कल करून करून एखाद्याला नोकरी नकोशी केली. न्यूयॉर्क शहरात असं काही घडलं तर फुकटात दाद मागायची जागा म्हणजे शहराचा मानवी हक्क आयोग. शहराच्या ३११ या मदत क्रमांकावर फोन करायचा किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचा. फी नाही, स्वतःचा वकील लागत नाही, इमिग्रेशनची स्थिती आड येत नाही. मुख्य कचेरी मॅनहॅटनमध्ये २२ रीड स्ट्रीटवर, सिटी हॉलच्या जवळच. सेवा कशी आहे, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण कायद्याला वेगळे गुण द्यावे लागतात आणि तो राबवणाऱ्या टेबलाला वेगळे.

कायद्याला पैकीच्या पैकी द्यायला हरकत नाही. केंद्राचा नोकरीतल्या भेदभावाचा १९६४ चा कायदा मालकाकडे किमान १५ माणसं कामाला असतील तरच लागू होतो. शहराचा कायदा ४ माणसांपासून लागतो. लैंगिक छळाची तक्रार असेल तर एकच कर्मचारी असला तरी चालतं, आणि मार्च २०२२ पासून कुणाच्या घरी एकटीच घरकाम करणारी बाईही या कायद्याखाली आली. केंद्राच्या त्या कायद्यात मनस्तापाची आणि जरब बसवणारी भरपाई मिळून मालकाच्या आकारमानानुसार ५० हजार ते ३ लाख डॉलरांवर थांबते. शहराच्या कायद्यात मनस्तापाच्या भरपाईला अशी कमाल मर्यादा नाही. त्याशिवाय आयोग १ लाख २५ हजार डॉलरांपर्यंत दंड करू शकतो, आणि मुद्दाम, आकसाने केलेलं सिद्ध झालं तर अडीच लाखांपर्यंत. २००५ मध्ये तर सिटी कौन्सिलने दुरुस्ती करून न्यायालयांना बजावलं की हा कायदा केंद्राच्या पट्टीने मोजू नका, त्याचा अर्थ स्वतंत्रपणे आणि सढळ हाताने लावा.

यादीही वाढतच गेली. २०१५ मध्ये गुन्ह्याच्या जुन्या नोंदीवरून नोकरी नाकारण्याला लगाम आला. नोव्हेंबर २०२२ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची किमान-कमाल रक्कम छापणं बंधनकारक झालं. नोव्हेंबर २०२३ पासून उंची आणि वजन यांवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरला, आणि जानेवारी २०२५ पासून घर भाड्याने देतानाही गुन्ह्याच्या नोंदीबद्दल नियम लागले. कायदा झाला की फोटो निघतात, भाषणं होतात. हे सगळं येऊन पडतं ते मात्र तक्रारींचा तपास करणाऱ्या लॉ एन्फोर्समेंट ब्युरो या आयोगाच्या एकाच विभागाच्या टेबलावर, आणि तिथली माणसं काही त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. सेवेतले बहुतेक दोष शोधत गेलं तर इथेच येऊन पोचतात.

पैशांचं गणित आधी. न्यूयॉर्क शहराचा वार्षिक अर्थसंकल्प १०० अब्ज डॉलरांच्या वर आहे. त्यात या आयोगाचा वाटा एक ते दीड कोटी डॉलरांच्या घरात असतो. म्हणजे शहराने खर्च केलेल्या दर दहा हजार डॉलरांतला एक, फार तर दीड डॉलर. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती ८८ लाख भरली. तिच्याशी भागाकार केला तर माणशी वर्षाला दोन डॉलरसुद्धा होत नाहीत. भुयारी रेल्वेचं एकेरी तिकीट त्याहून महाग आहे.

बजेटच्या पुस्तकात हे खातं २२६ क्रमांकाने सापडतं. पानावर दोन जोड्या दिसतात: पगार आणि इतर खर्च, आणि मग पुन्हा 'कम्युनिटी डेव्हलपमेंट' या शीर्षकाखाली पगार आणि इतर खर्च. पहिली जोडी शहराच्या करांमधून येते. दुसरी केंद्र सरकारच्या वस्ती-विकास अनुदानातून, आणि ते अनुदान कमी उत्पन्नाच्या वस्त्यांसाठी असल्यामुळे त्याच्या खर्चाचा हिशेब त्याच नियमांत बसवावा लागतो. प्रशिक्षण वर्ग, शाळांमधले कार्यक्रम, वस्तीतली मदत केंद्रं चालवणारा कम्युनिटी रिलेशन्स ब्युरो या पैशाला सोयीचा पडतो. त्यामुळे 'कार्यशाळा कमी करा आणि तपास करणारे वकील वाढवा' ही सूचना ऐकायला सोपी वाटली तरी कागदावर तितकी सोपी नाही. एका खिशातले पैसे दुसऱ्यात सहज जात नाहीत. तिसरा, छोटा झरा म्हणजे केंद्राच्या समान रोजगार आयोगाशी, ईईओसीशी, असलेला कामवाटपाचा करार. दोन्हीकडे दाखल असलेलं प्रकरण शहराने निकाली काढलं की त्यामागे ठरलेली रक्कम मिळते. ती प्रकरण संपल्यावर मिळते, तपास चालू असताना नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. अशा व्यवस्थेत लांबलेल्या, गुंतागुंतीच्या फाइलपेक्षा पटकन मिटणारी फाइल हिशेबाला बरी दिसते.

आणि दंड? कित्येकांचा समज असतो की आयोग दंड वसूल करतो म्हणजे त्यावरच चालत असेल. तसं नाही. दंडाची रक्कम शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होते. वर्षभरात मोठमोठ्या मालकांना चाप लावला तरी आयोगाला त्यातून एक स्टेपलरही विकत घेता येत नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे, कारण दंडावर पोट असलेलं कार्यालय न्यायाला बसू नये. पण मग तिजोरीतून रीतसर पुरेसे पैसे द्यायला हवेत.

पदांच्या बाबतीत दोन आकडे असतात: मंजूर पदं आणि प्रत्यक्ष भरलेली पदं. बातमीत पहिला येतो, तक्रारदाराला दुसऱ्याशी गाठ पडते. वकील सोडून गेला की खुर्ची लगेच भरत नाही. जागा भरायला महापौरांच्या बजेट ऑफिसची परवानगी, मग जाहिरात, मुलाखती, पगाराला पुन्हा मंजुरी, पार्श्वभूमीची तपासणी असं करत महिने जातात, आणि पसंत पडलेला उमेदवार तोवर खाजगी फर्मचं जास्त पगाराचं पत्र घेऊन मोकळा होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये महापौर एरिक ॲडम्स यांच्या प्रशासनाने खात्यांना रिकाम्या जागांपैकी निम्म्या कायमच्या रद्द करायला सांगितलं. रिकामी जागा ही गळतीची खूण असते. ती रद्द केली की गळती थांबत नाही, फक्त कागदावर दिसेनाशी होते. मोठ्या खात्यात पाच-दहा जागा गेल्या तर कुणाला कळतही नाही. इथे तेवढ्याने अख्खं पथक संपतं. व्हाउचरवाल्या भाडेकरूंच्या तक्रारी हाताळणाऱ्या पथकाचंच उदाहरण घ्या: २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथे एकही माणूस उरला नसल्याच्या बातम्या आल्या होत्या. घरासाठी वणवण करणारा माणूस तेव्हाही ३११ ला फोन करतच होता.

एका फाइलला किती वेळ लागतो, याचा अंदाज बांधून पाहू. पहिली मुलाखत अडीच तास. तक्रारीचा मसुदा चार तास. मालकाचं उत्तर आणि तक्रारदाराचं प्रत्युत्तर वाचणं, टिपणं काढणं, चार तास. हजेरीपत्रकं, ईमेल, पगाराच्या नोंदी मागवणं आणि वाचणं, किमान बारा. तीन साक्षीदार, सहा तास. निष्कर्षाचं टिपण, आठ ते दहा. साध्या प्रकरणाला साडेछत्तीस ते साडेअडतीस तास झाले, ढोबळ मानाने चाळीस धरू, आणि यात मालकाच्या वकिलाने मुदतवाढ मागून खेळवलेला काळ धरलेलाच नाही. आठवड्याला ३५ तासांप्रमाणे वर्षाचे १,८२० तास. सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण, बैठका वजा जाता हाताशी १,५०० राहिले. म्हणजे एका वकिलाकडून वर्षात ३७-३८ फाइली नीट होऊ शकतात. त्याच्या टेबलावर ६० ठेवल्या तर २२ पुढच्या वर्षात ढकलल्या जाणार, आणि तो मध्येच सोडून गेला तर सगळ्याच नव्या माणसाने पहिल्या पानापासून वाचायच्या. तोवर दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलेलं असतं आणि साक्षीदार दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

हे माहीत असलं की सेवा वापरायची कशी हेही कळतं.

पहिला फोन होतो तो फक्त प्राथमिक चौकशीचा असतो, तक्रार दाखल झालेली नसते. इथे पुष्कळ जण फसतात. बहुतेक तक्रारींना घटनेपासून १ वर्षाची मुदत आहे, लैंगिक छळ असेल तर ३ वर्षांची, आणि ती मुदत मोजली जाते दाखल झालेल्या सहीच्या तक्रारीपर्यंत. अकराव्या महिन्यात फोन केला आणि मुलाखतीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली तर हातचा हक्क जातो. फोनवरच मुदतीची तारीख स्पष्ट सांगा, ईमेलने पुन्हा कळवा.

मुलाखतीला बसण्याआधी एक पान तयार ठेवा. मालकाचं नेमकं कायदेशीर नाव, जे दुकानाच्या पाटीवर नसतं, वर्षाच्या पगाराचा आणि कराचा तपशील देणाऱ्या डब्ल्यू-२ फॉर्मवर असतं. कामाला किती माणसं. तारीखवार काय घडलं, प्रत्येक ओळीपुढे पुरावा. तुमच्यासारख्याच कामावरच्या, पण तुमच्या गटातल्या नसलेल्या माणसाला कसं वागवलं गेलं. भेदभावाच्या प्रकरणात खरं वजन याच रकान्याचं असतं. 'मॅनेजर फार वाईट बोलतो' एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. वाईट बोलणं कुठल्या संरक्षित कारणाशी, म्हणजे ज्यावरून भेदभाव करायला कायद्याची मनाई आहे अशा गोष्टीशी, जोडलेलं आहे ते दाखवावं लागतं. मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना वरचा नंबर आणि तारीख कापू नका. ब्रोकरचा 'नो प्रोग्राम्स प्लीज' (म्हणजे व्हाउचरवाले नकोत) एवढा तीन शब्दांचा मेसेज व्हाउचरच्या प्रकरणात दहा पानी कैफियतीपेक्षा जास्त कामाचा असतो.

आता या सेवेतला सर्वांत चांगला भाग: तक्रारीपूर्व हस्तक्षेप. तक्रार दाखल न करताच आयोगाचा माणूस मालकाला किंवा घरमालकाला फोन करतो, पत्र धाडतो. व्हीलचेअरसाठी रॅम्प, गरोदर बाईला बसायला स्टूल, बाळाच्या आईला दूध काढायला आडोसा, नाकारलेलं व्हाउचर अशा, दोष उघड आणि उपाय सोपा असलेल्या बाबतीत हे छान चालतं. शहराच्या लेटरहेडवर दंडाचा आकडा वाचला की घरमालकाच्या ऑफिसातून 'गैरसमज झाला होता' असा निरोप येतो. कमी माणसांत जास्त लोकांना घर किंवा नोकरी टिकवून देणारा हा मार्ग आहे, आणि माणसं कमी असली तरी बऱ्यापैकी चालणारा. तुमची अडचण या जातीची असेल तर सुरुवातीलाच हेच मागा.

रीतसर तक्रारीचा रस्ता लांब. आयोगाचा वकील मसुदा करतो, तुम्ही सही करता, ती समोरच्याला बजावली जाते, त्याला उत्तराला ३० दिवस, मग तुमचं प्रत्युत्तर. त्यानंतर तपास, आणि सगळं साचतं ते इथे. शेवटी 'प्रॉबेबल कॉज', म्हणजे सकृतदर्शनी तथ्य आहे की नाही, याचा निर्णय. तथ्य नाही म्हणाले तर आयुक्तांकडे ३० दिवसांत अपील. आहे म्हणाले तर शहराच्या ओथ नावाच्या न्यायाधिकरणात सुनावणी, तिथल्या न्यायाधीशाची शिफारस, आणि अंतिम आदेश पुन्हा आयोगाचा. मध्ये कधीही दोन्ही बाजू तयार असतील तर मध्यस्थी होते, तीही फुकट, आणि तिला नाक मुरडायचं कारण नाही. रांग लांब असताना सहा महिन्यांत मिळालेली रक्कम तीन वर्षांनंतरच्या आदेशापेक्षा कित्येकदा बरी.

एक गोष्ट आयोगाच्या पत्रकांत असते, पण ठळक नसते: हा वकील तुमचा नाही. तो शहराचा. तुमच्याशी अदबीने बोलेल, मदत करेल, पण तडजोड स्वीकारावी की नाही यावर तुमच्या फायद्याचा सल्ला देणं हे त्याचं काम नाही.

दुसरी, त्याहून महाग पडणारी गोष्ट म्हणजे दाराची निवड. शहराच्या कायद्याखाली थेट कोर्टात जायला ३ वर्षं असतात. पण आयोगाकडे तक्रार दाखल केलीत की तेच भांडण कोर्टात नेता येत नाही, आयोगाने ती 'प्रशासकीय सोयीसाठी' बंद केली तरच दार पुन्हा उघडतं. तशी विनंती तक्रारदार करू शकतो, आणि फाइल आयोगाकडे पडून होती तेवढा काळ कोर्टाच्या मुदतीतून वजा धरला जातो. राज्याचा मानवी हक्क विभाग वेगळा. १५ फेब्रुवारी २०२४ पासूनच्या घटनांना तिथे ३ वर्षांची मुदत आहे. ईईओसीला ३०० दिवस. म्हणून ढोबळ मानाने असं: नुकसान मोठं, पुरावा भक्कम आणि फी नंतर घेणारा वकील मिळत असेल तर आयोगाकडे जाण्याआधी त्याच्याशी बोला. मालक छोटा, रक्कम लहान, वकील दारात उभं करत नाही, तर आयोग. आणि घर किंवा नोकरी आत्ता वाचवायची असेल तर तक्रारीपूर्व हस्तक्षेप.

भाषेबद्दल मराठी वाचकाने थोडं जास्त सावध राहावं. शहराच्या २०१७ च्या भाषा कायद्याने दहा भाषांत कागदपत्रं द्यायची आहेत: स्पॅनिश, चिनी, रशियन, बंगाली, हैतीयन क्रिओल, कोरियन, अरबी, उर्दू, फ्रेंच, पोलिश. मराठी नाही, हिंदीही नाही. फोनवर दुभाषी मागता येतो आणि तो हक्क आहे, पण आधी सांगावं लागतं. 'थोडं इंग्रजी येतं' म्हणून गप्प बसलात तर 'अहोजाहो' वरून 'अरेतुरे' वर येण्यातला अपमान जबानीत उतरतच नाही.

जातीचंही तसंच. सिएटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जात हे संरक्षित कारण म्हणून कायद्यात लिहिलं, अमेरिकेतल्या शहरांत पहिल्यांदा. न्यूयॉर्कच्या यादीत हा शब्द स्वतंत्रपणे नाही. तिथे तक्रार धर्मश्रद्धा आणि राष्ट्रीय मूळ या कारणांखाली मांडावी लागते. दुसऱ्या कारणाच्या व्याख्येत वंशपरंपरा येते, तो धागा धरायचा. मुलाखत घेणाऱ्याला 'आडनाव काय, गाव कुठलं, घरी मटण चालतं का' या तीन प्रश्नांचा रोख कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक प्रश्न कुणी, कधी, कुणासमोर विचारला आणि त्यानंतर कामात काय बदललं, ते ओळीने लिहून द्या. सिएटलमध्येही तो शब्द राबवायचा आहे शहराच्या नागरी हक्क कार्यालयाने, म्हणजे पुन्हा पगारपत्रकावर किती नावं आहेत हाच प्रश्न.

गुण द्यायचेच तर कायद्याला पाचपैकी पाच, तक्रारीपूर्व हस्तक्षेपाला चार, पहिल्या फोनवरच्या वागणुकीला साडेतीन, रीतसर तपासाला दोन. तपासाचे दोन तिथल्या वकिलांच्या कुवतीला दिलेले नाहीत. ओथपर्यंत पोचलेल्या प्रकरणांतले आदेश वाचले तर काम नेटकं असतं. तिथवर पोचणारी प्रकरणंच थोडी.

खुर्च्या किती भरल्या आहेत हे कुणालाही पाहता येतं. दर सप्टेंबरला महापौरांचा व्यवस्थापन अहवाल निघतो. त्यात आयोगाच्या पानावर कर्मचाऱ्यांची संख्या, खर्च आणि प्रलंबित तक्रारींचं सरासरी वय दिवसांत दिलेलं असतं. पहिला आकडा खाली आणि तिसरा वर जाताना दिसला तर नव्या तक्रारदाराने आपली रांग त्याप्रमाणे धरावी. शहराचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी मार्चमध्ये आणि मे महिन्यात सिटी कौन्सिलच्या बजेट सुनावण्या होतात. सामान्य माणसाला तिथे दोन-तीन मिनिटं बोलता येतं, आणि सुनावणी संपल्यावर ७२ तासांपर्यंत लेखी निवेदन देता येतं. 'मानवी हक्कांना जास्त निधी द्या' असं लिहिलेली निवेदनं ढिगाने येतात, त्यांचं काही होत नाही. चार आकडे मागा: मंजूर पदं किती, आज भरलेली किती, त्यांपैकी प्रत्यक्ष तपास करणारे वकील किती, आणि एकेका वकिलाकडे आज किती फाइली उघड्या आहेत.